पियानो नाही, गिटार नाही, फक्त तिघं

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्सचा 'वे आउट वेस्ट' हा अल्बम बरेच लोक कव्हर बघूनच सोडून देतात. वाळवंटात डोक्यावर काउबॉय हॅट, कमरेला पिस्तुलाचा पट्टा आणि हातात बंदुकीऐवजी टेनर सॅक्स, म्हणजे वाटतं काहीतरी टाइमपास असेल. पण सनी न्यूयॉर्कचा, हार्लेममध्ये वाढलेला, लहानपणी काउबॉयचे पिक्चर आवडीनं बघणारा पोरगा, लॉस एंजलिसला आल्यावर त्यानं हौस फेडून घेतली एवढंच. फोटो विल्यम क्लॅक्स्टननं काढलेला, एकदम भारी आहे.

रेकॉर्डिंग 7 मार्च 1957 चं, तेही पहाटे तीनला, कारण बेसवाला रे ब्राउन आणि ड्रमवाला शेली मॅन दोघंही इतके बिझी की बाकी टाइमच जुळेना. सकाळचे सात वाजले तरी सनी थांबायला तयार नव्हता म्हणे. वय 26!

आता मेन गोष्ट. यात पियानोच नाहीये. जॅझमध्ये सहसा मागे पियानोवाला कॉर्ड (एकदम वाजवलेले दोन-चार सूर) धरून असतो, इथे ते काम कुणालाच दिलेलं नाही, म्हणजे बैठकीत गवयानं पेटीवाल्याला म्हणावं तू बस जरा, मी नुसत्या तानपुऱ्या-तबल्यावर गातो, तसं. मग सनी एक छोटीशी ओळ घेतो, ती उलटी करतो, अर्ध्यात सोडून देतो, गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यात बेसचा एकेक ठोका मोकळा ऐकू येतो. पियानो असता तर ही जागा भरून गेली असती ना.

पहिलं गाणं जॉनी मर्सरचं 'आय ॲम ॲन ओल्ड काउहँड', सुरुवातीलाच शेली मॅन घोड्याच्या टापांसारखं टकटक टकटक वाजवतो, ऐकून हसूच येतं, आणि मग सॅक्स येतो तो इतका आरामात की घाई नावाची चीजच नाही. माझं फेवरेट मात्र ड्यूक एलिंग्टनचं 'सॉलिट्यूड'. 'वॅगन व्हील्स' थोडं लांबतं, माझं मत.

स्टिरिओ तेव्हा नवंनवं होतं, म्हणून मिक्समध्ये सॅक्स एका बाजूला आणि बेस-ड्रम दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणीच केलीय. फुटाळा तलावावर बसून मित्राला इअरफोनची एक बाजू दिली तर दोन मिनिटांनी म्हणतो, "काहून बे, तुझा सॅक्सवाला येऊनच नाही राहिला, नुसतं धडधड होऊन राहिलं!" बाजू बदलून दिली तर म्हणे आता तबलजी पळाला. तेव्हा दोन्ही कान लावूनच ऐका, आणि घरी ऐकत असाल तर तेवढ्यापुरता कूलर बंद, नाहीतर मे महिन्यात नागपुरात रे ब्राउन ऐकू यायचा नाही 😄

(हाच सनी साठच्या दशकाच्या शेवटी आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, योग आणि वेदांत शिकायला. हे मुंबईवाल्यांनाही माहीत नसतं.)

नंतरच्या सीडीवर जास्तीचे टेकही (म्हणजे त्याच गाण्यांची वेगळी रेकॉर्डिंगं) दिलेत. त्यातला 'ओल्ड काउहँड' मूळ टेकच्या जवळजवळ दुप्पट लांब आहे आणि मला तोच जास्त आवडतो, सनी त्यात अजून सुटलाय. पण आधी मूळ ऐका, मग तो.