वजन किती आहे, यापेक्षा किती होतं?

केसपेपरवर ‘वजन ५६ किलो, बीएमआय २१.९’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या माणसाच्या पोषणाबद्दल आपल्याला फारसं काही कळलेलं नसतं. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५६, म्हणजे सगळं ठीक. पण चार महिन्यांपूर्वी वजन ६२ होतं, असं घरचे सांगतात. ६ भागिले ६२, म्हणजे ९.७ टक्के घट. आता पाऊल आणि नडगी अंगठ्याने दाबून पाहा. खड्डा पडून राहत असेल, तर त्या ५६ मध्ये काही किलो नुसतं पाणी आहे. ते तीन किलो धरलं तर खरं वजन ५३ आणि घट साडेचौदा टक्के. कुपोषणाचा धोका ओळखायच्या ‘मस्ट’ या चाचणीत तीन ते सहा महिन्यांत ५ ते १० टक्के वजन घटलं तर १ गुण, त्याहून जास्त घटलं तर २. एकूण १ म्हणजे मध्यम धोका, २ किंवा जास्त म्हणजे मोठा धोका. पाय न दाबल्यामुळे पेशंट एका रकान्यातून दुसऱ्यात जायचा राहतो.

आधीचं वजन आठवत नाही, हे उत्तर फार वेळा मिळतं. तिथे थांबू नये. पट्ट्याचं भोक किती आत गेलं, अंगठी बोटातून निसटते का, कपडे ढगळ झाले का, कवळी हल्ली हलते का, हे विचारावं. जुने केसपेपर चाळावेत, कुठेतरी तारखेसकट वजन सापडतं. ज्येष्ठांचं पोषण तपासणाऱ्या एमएनए या चाचणीच्या छोट्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला तीन किलोंपेक्षा जास्त घट असेल तर ०, माहीत नाही १, एक ते तीन किलो २ आणि घट नाही तर ३ गुण आहेत. घाईत असलेला माणूस ‘माहीत नाही’वर टिक करून पुढे जातो, आणि ज्याचे सहा किलो गेलेत त्याला एक गुण फुकटात मिळतो. चौदापैकी १२ ते १४ ठीक, ८ ते ११ धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. सीमेवरच्या माणसाला तो एक गुण महागात पडतो.

उंचीचा घोळ याहून वाईट, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही. पाठीला बाक आलेल्या ७८ वर्षांच्या आजी उभ्या राहून १४१ सेंटिमीटर भरल्या. वजन ४२ किलो, बीएमआय २१.१. आता त्यांची गुडघा-उंची घ्या. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात, टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या लगेच वर मांडीच्या पृष्ठभागापर्यंत. समजा ४५ सेंटिमीटर आली. स्त्रियांसाठी चमली यांचं सूत्र असं: ८४.८८ वजा (०.२४ × वय) अधिक (१.८३ × गुडघा-उंची). उत्तर १४८.५. त्या उंचीवर बीएमआय १९. बाक आल्याने उंची कमी भरली आणि त्याच आजी कागदावर दोन आकड्यांनी धष्टपुष्ट झाल्या! पुरुषांसाठी सूत्र ६४.१९ वजा (०.०४ × वय) अधिक (२.०२ × गुडघा-उंची). सूत्राचा अंदाज काही सेंटिमीटर इकडेतिकडे होतो, पण वाकलेल्या पाठीच्या मापापेक्षा तो बरा.

बीएमआय काढताच येत नसेल तर पोटरीचा घेर घ्यावा. पेशंट बसलेला, पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. टेप वरखाली सरकवत सगळ्यात मोठा घेर शोधायचा. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. एमएनएच्या त्याच फॉर्ममध्ये ३१ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर ३ गुण, कमी असेल तर ०, मधलं काही नाही. त्यामुळे सैल धरलेल्या टेपमुळे एकदम तीन गुण हलतात. पाय सुजलेला असेल तर या मापाचा भरवसा धरू नये. बीएमआय आणि पोटरी दोन्हींचे गुण बेरजेत धरण्याची चूकही होते. फॉर्ममध्ये दोहोंपैकी एकच धरायचं असतं.

मग खाण्याचा प्रश्न. ‘आजोबा, जेवण कसं जातंय?’ याला उत्तर ठरलेलं: ‘चांगलं जातंय.’ त्याऐवजी ‘पूर्वी जेवढं खायचात त्याच्या निम्मं संपतं का पाव?’ आणि ‘कधीपासून?’ असं विचारा. आठवड्याहून जास्त दिवस गरजेच्या निम्मं किंवा कमी खाल्लं जात असेल, तर कुपोषणाच्या निदानासाठीच्या ‘ग्लिम’ निकषांत ते कारण म्हणून पुरेसं धरलं जातं; सोबत वजनातली घट, कमी बीएमआय किंवा कमी झालेले स्नायू यांपैकी एक सापडलं की निदान होतं. कारणही तिथल्या तिथे शोधावं: दात, कोरडं तोंड, बद्धकोष्ठता, पाणी पिताना ठसका, औषधं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन आणि हृदयविकारावरचं डिगॉक्सिन भूक मारतात, हे औषधांची यादी वाचताना डोक्यात असू द्यावं. ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी, पूरक आहाराचं नंतर बघू.

हातही बघा. पेशंटला अंगठा आणि तर्जनीची टोकं एकमेकांवर दाबायला सांगा. हाताच्या पाठीवर त्या दोन बोटांच्या मधला स्नायू टरारून वर यायला हवा. तो सपाट राहिला किंवा तिथे खळगा दिसला तर स्नायू झिजलेत. कानशिलं आत गेली आहेत का, गळ्याखालचं हाड उठून दिसतं का, हेही बघावं. लठ्ठ पेशंटमध्ये तर हे आवर्जून करावं. चरबीच्या आड स्नायू गेलेले असतात आणि काटा चकार शब्द बोलत नाही.

अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून पोषण ठरवण्याची सवय मात्र आता सोडायला हवी. जंतुसंसर्ग, ऑपरेशन, दाह असला की ते खाली येतं, मग माणूस पोटभर जेवत का असेना. उलट, नुसत्या उपासमारीत ते बराच काळ टिकून राहू शकतं. सीआरपी (शरीरात दाह असल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असताना कमी अल्ब्युमिन म्हणजे आजार गंभीर आहे, एवढाच अर्थ घ्यावा.

जोखीम सापडली की ताट भरून वाढायची घाई होते. पण दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल किंवा बीएमआय १६ च्या खाली असेल, तर आधी फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासायला पाठवा आणि पहिल्या घासाआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या. सुरुवात दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त १० कॅलरींनी करावी आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवत न्यावी. फॉस्फेट खाली घसरतं ते खायला सुरुवात झाल्यावर, आधी नव्हे. म्हणून पहिल्या दिवशीचा नॉर्मल रिपोर्ट बघून निर्धास्त होऊ नये, तपासणी रोज करावी.