चार लोक काय म्हणतील?

सभा संपली आणि चर्चा सुरू झाली. जिन्यात.

विषय गच्चीच्या दाराचा होता. वर पाण्याची टाकी आहे, मुलं कठड्याशी जातात, म्हणून दाराला कुलूप लावावं असा ठराव सचिवांनी वाचला आणि विचारलं, "कोणाची हरकत?" वीस-बावीस माणसं बसलेली. बोलत होता तो फक्त पंखा. मला हरकत होती. रात्री सगळं आवरून झालं की गच्चीत जाऊन दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, ही माझी जुनी सवय. पण भर सभेत उठून "मला चांदण्यात उभं राहायचं असतं" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? चार लोक काय म्हणतील! मी आपल्या चपलांकडे बघत बसले. ठराव एकमताने मंजूर झाला.

आम्ही अगदी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे त्या दिवशी जिन्यातली पूर्ण सभा माझ्या वाट्याला आली. पहिल्या मजल्यावरच्या काकू दाराशी थांबून म्हणाल्या, "कुलूप म्हणजे जरा अतीच झालं, नाही का गं?" दुसऱ्यावरचा कॉलेजातला मुलगा तर चिडलाच होता. तिसऱ्यावरच्या काकांचं मत आणखी कडक. मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुम्ही सगळे गप्प होतात. मला वाटलं, तुम्हाला हवंय कुलूप." माझ्या दाराशी पोचेपर्यंत एकमताच्या ठरावाला चार विरोधक निघाले होते, त्यातली एक मी.

तेव्हापासून या 'चार लोकां'नी माझा पिच्छा पुरवला आहे. आहेत तरी कोण हे? कपडे कुठले घालायचे, लग्न कधी करायचं, कोणत्या वयात कुठला छंद शोभतो, सगळं त्यांना विचारून ठरतं आणि त्यांना कोणीच कधी विचारलेलं नसतं. त्यांचं म्हणणं आपणच मनात लिहायचं, आपणच वाचायचं आणि आपणच घाबरायचं. गंमत म्हणजे त्याच वेळी शेजारचा माणूस ज्या चारांना घाबरत असतो, त्यांत आपण एक असतो. मी कोणाला तरी घाबरवत असेन, ही कल्पना मला त्या जिन्यात पहिल्यांदा सुचली.

आपली भाषासुद्धा या बाबतीत जरा भेदरलेलीच आहे. चार वाटा मिळतात तो चव्हाटा, म्हणजे माणसं भेटण्याची हक्काची जागा. पण 'चव्हाट्यावर आणणं' म्हणजे अब्रू घालवणं. 'चारचौघांत' हा शब्द उच्चारला की त्याच्यामागून बहुतेक वेळा 'असं बोलू नये' येतंच. ग्रीकांचा चौक म्हणजे अगोरा. तिथे बाजार भरे आणि माणसंही जमत. लोकांपुढे उभं राहून बोलणं या अर्थाचं त्यांचं क्रियापद त्याच शब्दावरून आलं. चौकाने त्यांना बोलणं दिलं आणि आपल्याला लाज, असं म्हणायचा मोह होतो. पण ते फार सोपं होईल. लाजणारे तिथेही असणारच. फरक होता तो प्रश्नात. अथेन्सच्या सभेत दवंडीवाला विचारायचा, "कोणाला बोलायचं आहे?" आमचे सचिव विचारतात, "कोणाची हरकत?" पहिल्या प्रश्नाला हात वर करणारा माणूस वक्ता होतो. दुसऱ्याला हात वर करणारा सरळ अडथळा होतो. (अथेन्सचं फार कौतुकही नको. हा प्रश्न फक्त नागरिक पुरुषांना होता. स्त्रिया आणि गुलाम त्या सभेत नव्हतेच. मी त्या काळात असते तर जिन्यातच असते.)

एकाने तोंड उघडल्याने काय होतं, याचा एक सुंदर प्रयोग आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केला. काही विद्यार्थी एका खोलीत बसवले. समोर एक रेघ आणि तिच्याशेजारी वेगवेगळ्या लांबीच्या तीन. या तिघींतली पहिलीइतकी कोणती, एवढंच सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतल्या एकाला सोडून बाकी सगळे अ‍ॅशने पढवलेले होते आणि ते ठरल्याप्रमाणे, अतिशय गंभीर चेहऱ्याने, तीच चुकीची रेघ दाखवत. त्या एकट्याचा नंबर शेवटी शेवटी यायचा. सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतंय ते सोडून खोलीचं म्हणणं उचललं.

हा भाग बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, आणि मान हलवून 'माणूस मेंढरूच' म्हणून तो संपवलाही जातो. मला आवडतो तो पुढचा भाग. पढवलेल्यांपैकी एकाने खरं उत्तर दिलं की त्या एकट्याचं वाहवत जाणं एकदम घसरायचं. आणि त्याच्याही पुढची मजा अशी, की हा फुटून निघालेला माणूस बरोबर असायचीही गरज नव्हती. त्याने इतरांपेक्षा मोठी चूक केली तरी चालायचं. एकी मोडली, एवढंच पुरे होतं. हे वाचल्यापासून सभांमध्ये भलतंच काहीतरी बोलणाऱ्या माणसांकडे मी जरा आदराने बघायला लागले आहे. त्यांच्या बोलण्याने काही सिद्ध होत नसेल. पण एक खिडकी उघडते आणि तिच्यातून मग शहाणी माणसंही डोकावतात.

आमच्या गच्चीचं एक सोडा. हीच शांतता देशभर पसरली तर काय होतं, ते चीनने १९५८ ते १९६१ या काळात पाहिलं. वरून आकडे मागितले जात होते, खालून वरच्यांना आवडतील ते आकडे जात होते. गावाने तालुक्याला फुगवून सांगितलं, तालुक्याने जिल्ह्याला, आणि कोणीही "हे खरं नाही" असं उघडपणे म्हणू शकत नव्हतं. कोठारात नसलेलं धान्य कागदावर होतं आणि त्या कागदाच्या हिशेबाने खरं धान्य उचललं जात होतं. त्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. कामकाज नीट चालणाऱ्या लोकशाहीत आणि बऱ्यापैकी मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडलेला दिसत नाही, असं अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं आहे, आणि हे उदाहरण ते आवर्जून देतात. या सगळ्यानंतर, १९६२ च्या जानेवारीत, खुद्द माओने पक्षाच्या बैठकीत कबूल केलं की लोकशाही नसेल तर खाली काय चाललंय ते कळतच नाही. ज्याच्यापुढे सगळा देश गप्प होता, त्यालाच चार लोक काय म्हणतात ते कळेनासं झालं होतं.

राज्यकर्त्यांना हे उशिरा कळतं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने २९ डिसेंबर १६७५ ला फर्मान काढून राज्यातली कॉफीगृहं बंद करायला सांगितलं, कारण लोक तिथे बसून सरकारबद्दल वाटेल ते बोलतात. बंदी १० जानेवारीपासून लागू व्हायची होती. इतका ओरडा झाला की दोन दिवस आधीच राजाने ती मागे घेतली. लोकांनी बोलू नये म्हणून काढलेल्या फर्मानाबद्दल लोक इतकं बोलले, की फर्मानच गप्प बसलं.

आता पुन्हा जिन्याकडे. चार दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावली: "गच्चीच्या विषयावर पुन्हा बसू या. मागच्या वेळी मी बोललो नाही, ही माझी चूक." सचिव नाराज झाले. एकदा ठरलं ते ठरलं, असं रोज उकरून काढलं तर कारभार चालायचा कसा?

हा सवाल फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४२७ मध्ये तो क्लेऑन या पुढाऱ्याने अथेन्सच्या सभेत विचारला होता. मिटिलीनी या शहराने बंड केलं, अथेन्सने ते मोडलं आणि संतापलेल्या सभेने ठरवलं, की तिथले सगळे प्रौढ पुरुष मारायचे, बायका-मुलं गुलाम करायची. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्र गेली. सकाळी लोकांना आपण काय ठरवलं ते नीट दिसलं आणि सभा पुन्हा बसली. क्लेऑन म्हणाला, ठराव बदलू नका. डायोडोटस नावाचा माणूस उठला. इतिहासात तो एवढ्यापुरताच दिसतो. मला नेहमी नवल वाटतं ते याचं, की त्याने दयेची भीक मागितली नाही. घाई आणि राग हे चांगल्या सल्ल्याचे दोन वैरी आहेत असं म्हणून तो सरळ फायद्याचं बोलला: सगळ्यांना मारलंत तर पुढचं बंडखोर शहर शरण का येईल? हात जवळजवळ सारखे वर झाले, थोडेसे त्याच्या बाजूने जास्त.

मग दुसरं जहाज सुटलं. पहिलं सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे. वल्हेकरी वल्ही मारता मारताच दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खात होते, पाळीपाळीने झोपत होते. ते पोचले तेव्हा पहिला हुकूम वाचून झाला होता, अंमल तेवढा व्हायचा होता. शहर वाचलं. बंडाचे पुढारी मात्र वाचले नाहीत. हजारावर माणसं मारली गेली, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ लिहितो.

एकवीस वर्षांनी त्याच सभेने समुद्रावर लढाई जिंकून आलेल्या आपल्याच सेनापतींना एकाच मतदानात, एकत्र, घाईघाईत मृत्युदंड दिला. वादळात बुडत असलेली माणसं वाचवली नाहीत, हा आरोप. असं सगळ्यांना एकदम दोषी ठरवणं बेकायदा आहे, असं त्या दिवशी सभेचं काम चालवणाऱ्यांतला सॉक्रेटिस म्हणत राहिला. सहा जण मारले गेले. लोकांना पुढे पस्तावा झाला, पण तिथे दुसरं जहाज पाठवायची सोय नव्हती. म्हणून मला सभा शहाणी असते वगैरे काही वाटत नाही. ती तीच असते. तिला दुसरा दिवस मिळतो की नाही, एवढंच पाहायचं.

आम्हाला मिळाला. दुसरी सभा भरली आणि पहिली वीस मिनिटं अपेक्षेप्रमाणे गच्ची सोडून बाकी सगळ्यावर गेली: गाड्या, नळ, कोणाचा तरी कुत्रा. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वादात हरण्याच्या बावीस जागा सांगितल्या आहेत, निग्रहस्थानं. विषय सोडून दुसरीकडे जाणं ही त्यातली एक, तेच ते पुन्हा बोलणं ही एक, आणि वेळेवर उत्तर न सुचणं हीसुद्धा एक. त्या हिशेबाने आमची अख्खी इमारत वीस मिनिटांत हरली होती. त्याच ग्रंथात बोलण्याचे तीन प्रकार आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची काहीही बाजू न घेता समोरच्याची पाडण्यासाठी वितंडा. मराठीने नेमका तिसरा उचलला, आणि 'वितंडवाद' घरोघर पोचला. 'जल्प' कोणी म्हणत नाही, कारण तो बहुधा सगळेच करतात.

शेवटी मी उठले. "मला गच्चीत..." असं सुरू केलं आणि अडकले. 'मला' या शब्दापुढे रस्ताच नव्हता. माझ्या चांदण्याशी या वीस जणांचा काय संबंध? बोलायचं तर त्यांनाही आपलं वाटेल असं कारण हवं. मग मी म्हटलं, ज्यांना लांब फिरायला जाणं जमत नाही, त्यांना वरची मोकळी हवा आहे. हे मला आधी सुचलेलं नव्हतं. उभं राहिल्यावर, समोर काकूंचा दुखरा गुडघा दिसल्यावर सुचलं. घरी मनातल्या मनात मी हाच वाद दहा वेळा जिंकला होता; पण तिथे मी 'मला'च्या पुढे कधी गेलेच नव्हते.

मग दुसऱ्या मजल्यावरची एक तरुण बाई बोलली. ती एरवी हसून निघून जाते. तिने सांगितलं, की दुपारी एकदा तिचा सहा वर्षांचा मुलगा गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेला तिला सापडला. ओरडले असते तर दचकला असता, म्हणून ती पावलं न वाजवता मागून गेली आणि त्याला धरलं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. का, तर "लोक म्हणतील, आईचं लक्ष नसतं."

तीही आमच्याच चार लोकांना घाबरून गप्प होती. पहिल्या सभेत ठरावात दोन कारणं होती, पण त्यांना चेहरा नव्हता. 'मुलं कठड्याशी जातात' हे वाक्य मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता ते सोडता येईना.

मत घ्यायची वेळ आली तेव्हा मी कुलपाच्या बाजूने हात वर केला. चिठ्ठी लावणाऱ्या काकांनी नाही केला. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. कॉलेजातल्या मुलानेही नाही केला. या वेळी ठराव एकमताने झाला नाही, बारा विरुद्ध सात झाला, आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त भक्कम वाटला. निदान कोण कुठे उभं आहे ते दिसत होतं. त्यात एक दुरुस्तीही आली: कुलूप राहील, पण ज्या मोठ्या माणसाला वर जायचंय त्याला किल्ली मिळेल. किल्ली कोणाकडे? गच्चीच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांकडे.

म्हणजे माझ्याकडे. आता रोज रात्री मी सगळं आवरते, पदराला हात पुसते आणि खिळ्यावरची किल्ली घेते, तोवर दारावरची घंटा वाजते. कधी काकू असतात, एकेक पायरी मोजत आलेल्या. कधी तो मुलगा. वर गेलं की दहा मिनिटं नुसतं उभं राहणं काही आता जमत नाही. परवा विषय निघाला होता, की टाकीवर झाकण बसवायला हवं. काकू म्हणाल्या, "हे सभेत बोल हं. इथे नको."