आम्ही गावी गेल्यावर माशांना खायला कोण घालणार?

एप्रिल उजाडला की हा प्रश्न येतो, दिवाळीच्या तोंडावर पुन्हा येतो. "आठ-दहा दिवस गावी जायचंय, माशांना खायला कोण घालणार?" तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो: कोणीही घालू नये.

धडधाकट, पूर्ण वाढलेला मॉली, टेट्रा, गुरामी, एंजल किंवा गोल्डफिश आठवडाभर, अगदी दहा दिवसही उपाशी राहू शकतो. अंग गरम ठेवायला आपल्याला सतत जाळण लागतं, तसं माशाला लागत नाही. शिवाय मॉलीसारखे मासे काचेवरचं शेवाळ टिपत राहतातच. अपवाद पिल्लांचा. गप्पीची आठवड्याची पिल्लं असतील तर त्यांना दिवसातून दोनतीनदा लागतं. तिथे जाणतं माणूस हवं.

सुट्टीत टाकीतले मासे जातात ते बहुतेक वेळा शेजारच्या काकूंच्या मायेने. गोल्डफिशला जठर नसतं, म्हणून तो सतत खायला बघतो. माणूस दिसलं की तो काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करतो, मग पाच मिनिटांपूर्वी खाल्लेलं का असेना. काकूंना वाटतं, बिचारा भुकेला आहे. एक चिमूट, वर आणखी एक. उरलेले दाणे खड्यांत शिरून कुजतात आणि माशांना विषारी असा अमोनिया तयार होतो. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकीत खडे वजा जाता पाणी असतं जेमतेम ४५-५० लिटर. पाणी दुधाळ होतं, वास मारतं, मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. काकूंना वाटतं, पुन्हा भूक लागली.

मन मानतच नसेल तर जुन्या वैद्यांसारख्या कागदाच्या पुड्या बांधा. दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच खाणं एका पुडीत, दर तिसऱ्या दिवशी एक पुडी. पुडीवर तारीख घाला आणि मूळ डबा कपाटात, कुलपात. दुकानात 'हॉलिडे फूड' म्हणून मिळणारी पांढरी वडी मात्र आणू नका. ती विरघळत पाणी घाण करते, आणि बरेच मासे तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. आपोआप दाणे टाकणारं यंत्र चालतं, पण टाकीच्या वाफेने आतले दाणे ओलसर होऊन गोळा बनतो आणि तोंडाशी अडकतो. ते घ्यायचं तर निघण्याआधी आठवडाभर लावून बघा.

खरी तयारी पाण्याची. निघायच्या दोन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदला. निघायच्या दिवशी नको, कारण काही चुकलं तर ते बघायला तुम्ही घरात नसता. नवं पाणी अँटी-क्लोरीन घातलेलं, टाकीइतकंच कोमट. आणि 'जाताना सगळं लख्ख करून जाऊ' म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका! अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. नळाच्या क्लोरीनने ते मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा पिळला की पुरे. जाण्याआधीचे तीन आठवडे नवा मासा आणायचा नाही. नव्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, अंगावर रवा भुरभुरावा तसे दिसतात ते ठिपके, तर आठवड्याभरात सगळ्या टाकीत पसरतो.

मे महिन्यात पंख्याखालच्या उघड्या टाकीतलं पाणी आठवड्यात इंच-दीड इंच उतरतं. म्हणून टाकी काठोकाठ नाही, तरी नेहमीपेक्षा जास्त भरा आणि झाकण लावा. थंडीत हीटर चालू ठेवून जात असाल तर तो पाण्याच्या पातळीच्या बराच खाली बसवा. उघडा पडून तापलेली काच तडकते. दिवा टायमरवर सहा तास, किंवा सरळ बंद. माशांचं दिव्यावाचून अडत नाही, झाडांचं अडतं.

वीज गेली तर? फिल्टर थांबतो आणि पाण्यात हवा मिसळणं कमी होतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप जोडून ठेवा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर नळीत उलटं पाणी जाऊ न देणारी छोटी झडप बसवा. ही झडप अगदी स्वस्त असते. ती नसली आणि पंप खाली फरशीवर असला, तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं उतरतं. पंप जळतो आणि फरशीवर तळं होतं.

एक चूक फार होते. घर रिकामं आहे तर पेस्ट कंट्रोल उरकून घेऊ. झुरळांच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी, आणि एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडतो. टाकी घरात असताना फवारणी नको. गावाला जाताना तर मुळीच नको.

परत आल्यावर मासा उताणा दिसला तर आधी मेलेला बाहेर काढा, झाकण उघडा, हवा वाढवा, निम्मं पाणी बदला. त्या दिवशी खाणं बंद. पाणी दुधाळ असेल तर कारण खाणं. पाणी स्वच्छ आणि सगळे एकाच वेळी गेले, तर वीज किंवा फवारा. एकच गेला आणि तो म्हातारा होता, तर स्वतःला टोचणी लावून घेऊ नका. गप्पी दोनएक वर्षंच जगतो. मेलेला मासा संडासात सोडण्यापेक्षा कुंडीत वीतभर खोल पुरा. मुलांना खड्डा करू द्या, आणि त्यांना कळू नये म्हणून रातोरात तसाच दुसरा आणून सोडू नका. रंगाचा एक ठिपका इकडचा तिकडे झालेला पोरांना लगेच कळतो. उरलेले जिवंत मासे तळ्यात किंवा नदीत मात्र कधीही सोडू नका. घरच्या टाक्यांतून बाहेर पडलेला सकर, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, आज उजनी धरणातल्या जाळ्यांत सापडतो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक जमात वेगळी आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मे महिन्यात सगळी टाकी गेली, छंद माळ्यावर गेला, आणि आता टाकी खाली उतरवायची आहे. उतरवा, पण आधी गच्चीत थर्मोकोलवर ठेवून ४८ तास पाण्याने भरून बघा. कोपऱ्यातलं सिलिकॉन वाळून सुटलेलं असतं, आणि हे दिवाणखान्यात कळलं तर महागात पडतं. जुना फिल्टर सुकला तेव्हाच त्यातले जिवाणू मेले, म्हणजे टाकी नवीच समजायची. मासे न सोडता, पाणी भरलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकून फिल्टर चालू ठेवा. जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. कोणाच्या चालू टाकीतला स्पंज ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरात ठेवलात तर लवकर जमेल. अमोनिया आणि त्यापासून होणारा, तितकाच घातक नायट्राइट, दोन्हींच्या थेंबांच्या चाचण्या शून्य दाखवू लागल्या की तीन-चार मासे, बाकीचे पंधरा दिवसांनी.

म्हणजे एप्रिलमध्ये टाकी मांडून मेमध्ये कोकणात जायचं, हे जमणार नाही. गणपतीच्या सुमारास सुरू करा. दिवाळीला गावी जाताना टाकीत तीन-चारच मासे असतील, आणि तेवढ्यांची काळजी ती टाकी एकटी घेईल.