टेबल नंबर 17 आणि पोच

11 मार्च 2021, गुरुवार, महाशिवरात्र. पुण्यात नवी पेठेत आम्ही चालवतो त्या अभ्यासिकेत टेबलं 84, पण कोरोनामुळे एकाआड एक भरलेली, म्हणजे 42. रविवारी 14 तारखेला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) राज्यसेवा पूर्व परीक्षा होती. शेवटच्या आठवड्यात अभ्यासिका वेगळीच वाटते. नवीन पुस्तक कुणी उघडत नाही. आपापल्या नोट्सची पानं, घड्याळ लावून सोडवलेले सराव पेपर आणि मधूनच पाण्याच्या बाटलीचा आवाज, एवढंच.

दुपारी खिडकीकडच्या रांगेतल्या एकाने टेलिग्रामवर आयोगाचं पत्रक पाहिलं. कोरोनामुळे परीक्षा पुढे ढकलली होती. तो काही बोलला नाही, फोन शेजारच्याकडे सरकवला. पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्या मागे सरकल्या होत्या.

टेबल नंबर 17 वरच्या मुलाने भिंतीला एक कागद चिकटवला होता. त्यावर याच परीक्षेच्या 2020 पासून ठरत आलेल्या तारखा एकाखाली एक : 5 एप्रिल, 26 एप्रिल, 13 सप्टेंबर, 20 सप्टेंबर, 11 ऑक्टोबर, 14 मार्च. पहिल्या पाचांवर आधीच काट होती. त्याने सहाव्या तारखेवर रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि बॅग तिथेच ठेवून जिना उतरला.

ही मुलं रस्त्यावर का येतात, असं कुणी विचारलं की मला तो कागद आठवतो. बाहेरच्यांना वाटतं, कुणीतरी भडकवलं असेल किंवा पोरांच्या डोक्यात विचारसरणी शिरली असेल. त्या दुपारी 42 जणांत एकाच पक्षाला मानणारे दहासुद्धा निघाले नसते. समान होता तो हिशेब. आमच्याकडे तेव्हा टेबलाचे महिना 900 रुपये, मेसचे दोन वेळचे 2,600, राहण्याच्या कॉटचे 2,500, वर चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज. तारीख एक महिना पुढे गेली की घरून सहा-सात हजार जास्तीचे मागावे लागतात, आणि घरी सोयाबीन विकून झालेलं असतं. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांची 43. पीएसआयला (पोलीस उपनिरीक्षक) खुल्या गटासाठी 31च. जो तिशीत आहे त्याचं एक वर्ष म्हणजे शेवटची संधी. त्यातच 2020च्या डिसेंबरअखेर आयोगाने खुल्या गटाला सहा प्रयत्नांची मर्यादा जाहीर केली होती (ती पुढे मागे घेतली गेली). आणि 28 फेब्रुवारीलाच आरोग्य विभागाची भरती परीक्षा झालेली. ती होते मग आमची का नाही, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी होता. त्याचं पटेल असं उत्तर त्या पत्रकात नव्हतं.

शास्त्री रस्त्यावर आधी वीस-पंचवीस मुलं फुटपाथवर उभी राहिली. गल्लोगल्लीच्या अभ्यासिकांतून मुलं येत गेली, कारण सगळ्यांचे ग्रुप एकमेकांत गुंतलेले. नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, मेस बदलल्याची खबर ज्या ग्रुपवर येते त्याच ग्रुपवर ‘खाली या’ असा निरोप आला. फुटपाथ पुरेना तेव्हा एक लेन गेली, मग रस्ता बंद झाला. अनोळखी माणसाने बोलावलं असतं तर कुणी उठलं नसतं. शेजारच्या टेबलावरचा उठला म्हणून हा उठला.

पण गर्दी जमली म्हणजे आंदोलन उभं राहिलं असं नाही. पहिल्या तासाभरात जे बिघडलं ते सांगायलाच हवं. एकाला परीक्षा 14 तारखेलाच हवी होती, दुसऱ्याला प्रवासखर्चाची भरपाई, तिसऱ्याला मागच्या निकालावरच्या नियुक्त्या. घोषणा दर पाच मिनिटांनी बदलत होती. पत्रकारांनी माइक पुढे केला की जो सर्वांत जवळ तोच नेता. म्हात्रे पुलाकडून रुग्णवाहिका आली तेव्हा तिला कुठून सोडायचं हे कुणालाच कळेना. शेवटी एका मुलीने हात पसरून डावी कड मोकळी करवली आणि पुढे तिथेच उभी राहिली. पाणी नाही, फोनची चार्जिंग संपलेली, मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ आलेली आणि रात्री अकरापासून संचारबंदी. आम्ही दार, संडास आणि प्लग उघडे ठेवले. किती मुली रस्त्यावर आहेत आणि कोण कुणाबरोबर परतणार, याची यादी एका वहीत केली.

हे शिकणार कुठे? महाराष्ट्रात 1994 पासून महाविद्यालयांत थेट निवडणुका नाहीत. सभा चालवणं, एका मागणीवर वीस जणांना आणणं, निवेदन लिहिणं, याची तालीम ज्या वयात व्हायची ते वय कोरडंच जातं. आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर कॉलेजही नसतं. ती कुणाच्याच पटावर नाहीत.

संध्याकाळपर्यंत राजकीय लोक आले. भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर ठिय्यात बसले, पुढे पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. इतर पक्षांच्या विद्यार्थी संघटनाही आल्या. पण क्रम लक्षात घ्या. मुलं आधी बसली होती, झेंडे नंतर आले.

आत प्रिंटरपाशी चार जण निवेदन लिहीत होते. पहिला मसुदा तीन पानी, त्यात आठ मागण्या. मी म्हटलं, एका कागदावर एकच मागणी ठेवा, नाहीतर सरकार सोयीची तेवढी उचलेल. विषयाच्या ओळीत परीक्षेचं पूर्ण नाव आणि मूळ तारीख. मग दोन परिच्छेद : काय घडलं, काय हवं. सह्यांच्या रकान्यात मुलांनी उत्साहाने बैठक क्रमांक लिहिले होते, ते काढायला लावले. नाव, तालुका, सही पुरे. अशी यादी मोबाइलवर कुठे फिरेल सांगता येत नाही.

सह्यांना खरा अडसर भीतीचा होता. बीडच्या एका मुलाने पेन हातात घेऊन विचारलं, “काका, केस पडली तर नोकरी जाईल का?” पोलिसांच्या लाउडस्पीकरवरून गुन्ह्यांची कलमं ऐकू येत होती. त्याला जे सांगितलं ते सगळ्यांनाच माहीत असायला हवं. निवड झाल्यावर साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःबद्दलच्या माहितीचा फॉर्म, भरावा लागतो, चारित्र्य पडताळणी होते. जमावबंदी मोडल्यासारखा किरकोळ गुन्हा नोंदला म्हणून नोकरी आपोआप जात नाही. गुन्हा लपवला तर मात्र अंगाशी येतं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि सही केली. तिघांनी केली नाही. त्यांच्यावर कुणी दबाव आणला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी थेट प्रक्षेपणात सांगितलं की परीक्षा आठ दिवसांत होईल, तारीख उद्या जाहीर करू. शुक्रवारी सकाळी दोन जण तरीही जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. आवक-जावकला निवेदनाची एक प्रत दिली आणि दुसरीवर शिक्का, तारीख, नंबर अशी पोच घेऊन आले. त्याच दिवशी 21 मार्च जाहीर झाली. बहुतेक मुलं टेबलावर परतली आणि पुन्हा चळवळीत दिसली नाहीत. त्यांची तक्रार मिटली होती आणि अभ्यास पडला होता, यात गैर काही नाही.

पाच जण मात्र पुढे टिकले. ते सर्वांत मोठ्याने ओरडणारे नव्हते. रुग्णवाहिकेची वाट धरून उभी राहिलेली, वही सांभाळणारी, मसुदा लिहिणाऱ्यांतले दोघे, आणि पोच घेऊन आलेल्यांतला एक. राग तर 42 जणांना सारखाच होता. काम या पाचांच्या हाती पडलं. फेब्रुवारी 2023 मध्ये मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक (सविस्तर उत्तरं लिहिण्याची) पद्धत आत्ता नको, 2025 पासून लागू करा म्हणून मुलं पुन्हा बसली, तेव्हा यातले तिघे पाण्याची आणि रुग्णवाहिकेच्या वाटेची व्यवस्था पहिल्या तासातच लावून मोकळे झाले होते. 23 तारखेला आयोगाने मागणी मान्य केली.

ऑगस्ट 2024 मध्ये मागणी उलटी होती : 25 तारखेची पूर्व परीक्षा पुढे ढकला, कारण त्याच दिवशी आयबीपीएसची (बँक भरतीची) परीक्षा आली होती. शिवाय कृषी विभागाच्या 258 जागा त्यात घ्या. ‘यांना परीक्षा हवी की नको?’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. दोन्ही वेळी मुलांचं भांडण तारखेशी होतं, ज्या तारखेवर त्यांनी घरचे पैसे आणि स्वतःचं वय लावलेलं असतं.

त्या आठवड्यात एका नव्या मुलीने 2021ची फाइल मागितली. तेव्हा ती बारावीत होती. पोचवरच्या शिक्क्यावर बोट ठेवून तिने विचारलं, “हा नंबर कशाला असतो?” पुढे चौकशीला गेलं की हाच नंबर सांगायचा, म्हणजे कागद मिळालाच नाही असं कुणी म्हणू शकत नाही, असं सांगितलं. तिने फोटो काढला, टेबलावर बसली, वरच्या ओळीत ‘विषय’ लिहिलं आणि विचारलं, “तारीख आणि कृषीच्या जागा, दोन्ही एकातच घालू का?” मग स्वतःच प्रिंटरच्या ट्रेमधून दुसरा कोरा कागद ओढून घेतला.