मायच्या हाडातलं ४३ नंबरचं मूलद्रव्य

मायच्या बोन स्कॅनसाठी, म्हणजे हाडांच्या तपासणीसाठी, परवा धुळ्याहून नाशिकला गेलो. शिशाच्या जाड आवरणातली सिरिंज बघून ती घाबरली. "हाई काय शे रे?"

टेक्नेशियम, माय. किरणोत्सर्गी आहे, म्हणून शिशाचं आवरण. माणसानं बनवलेलं पहिलं मूलद्रव्य. आवर्तसारणीत ४३ क्रमांकाची जागा कितीतरी वर्षं रिकामी होती. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिएर या शास्त्रज्ञांना ते सापडलं, अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमधून (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेल्या मॉलिब्डेनमच्या पातळ पत्र्यात! दवाखान्यातलं टेक्नेशियम आजही मॉलिब्डेनमपासूनच निघतं. दर सहा तासांनी निम्मं होतं, त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मायच्या अंगात ते किरणोत्सर्गी औषध होतं, म्हणून त्या रात्री नातीला तिच्यापासून लांब झोपवलं. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर पळत जाऊन तिच्या मांडीवर बसली.