डिस्प्रोसियमचं कॉम्प्लेक्स स्क्विडपर्यंत नेताना: माझा अनुभव

एम.एस्सी. इनऑर्गॅनिकच्या प्रॅक्टिकलला चुंबकत्व म्हणजे गुई बॅलन्स. काचेची नळी पावडरीने ठोकून ठोकून भरायची, मर्क्युरी टेट्राथायोसायनॅटोकोबाल्टेट प्रमाण म्हणून वापरायचं, चुंबक चालू-बंद करून वजनातला फरक घ्यायचा आणि शेवटी बोर मॅग्नेटॉन या चुंबकीय एककात एक आकडा काढायचा. मॉलेक्युलर मॅग्नेटिझममध्ये पीएच.डी. करायची असेल तर हा पाया उपयोगी पडतो, पण पुढे एका आकड्यावर भागत नाही. स्क्विड या अतिसंवेदनशील चुंबकत्वमापकावर २ ते ३०० केल्विनपर्यंत चुंबकत्व कसं बदलतं याचा आख्खा आलेख हाती येतो. त्यातलं प्रत्येक वळण रेणूमुळे आलंय की नमुना ढिला भरल्यामुळे, हे आपल्यालाच दाखवून द्यावं लागतं. पुण्यात राहून मी हेच काम करते. कॉम्प्लेक्स बनवण्यापासून मोजमापापर्यंतची वाट इथे लिहिते आहे.

एकेक रेणू चुंबकासारखा वागतो, हा विषय फार जुना नाही. बारा मँगनीज अणूंचा अ‍ॅसिटेट क्लस्टर काही केल्विनच्या खाली एकेका रेणूच्या पातळीवर चुंबकत्व धरून ठेवतो, हे १९९३ मध्ये समोर आलं. २००३ मध्ये जपानमध्ये इशिकावा यांनी टर्बियमच्या थॅलोसायनिनमध्ये एकच धातू आयन पुरतो हे दाखवलं. २०१६ मध्ये आयआयटी मुंबईच्या मुरुगवेल आणि राजारामन यांच्या गटांनी हवेत टिकणारं, पाच पाण्याचे रेणू धारण केलेलं डिस्प्रोसियम या दुर्मिळ मृदा धातूचं कॉम्प्लेक्स दिलं. २०१८ मध्ये डिस्प्रोसियम मेटॅलोसीनने ८० केल्विनपर्यंत चुंबकत्व धरून ठेवलं, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ च्या वर. डिस्प्रोसियमच इतकं का वापरतात? त्याच्या तीन धनभारांच्या आयनमध्ये ४एफ कक्षांत ९ इलेक्ट्रॉन, म्हणजे विषम संख्या. त्यामुळे सगळ्यात खालची ऊर्जापातळी (ग्राउंड स्टेट), भोवतालच्या अणूंचं विद्युतक्षेत्र कसंही असलं तरी, दुहेरीच राहते. शिवाय त्याचा इलेक्ट्रॉन मेघ चपटा असल्यामुळे वर-खाली घट्ट आणि कंबरेला सैल असे लिगँड (धातूला धरणारे रेणू) दिले की मोठी अक्षीय असममिती मिळते, म्हणजे चुंबकत्व एकाच अक्षावर टिकतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. सीएसआयआर-नेट किंवा गेट हवंच. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर या दोन्ही संशोधन संस्था होमी भाभा रस्त्यावर, विद्यापीठ गणेशखिंडीत. गाइड निवडताना त्यांचे पेपर जरूर बघा, पण दोन प्रश्न आधी विचारा: सिंगल क्रिस्टल एक्स-रे कुणाच्या मशीनवर होतं, आणि स्क्विडचा वेळ कुठे व किती आठवड्यांनी मिळतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिसऱ्या वर्षापर्यंत तुमच्याकडे सुंदर स्फटिकरचना असतील आणि चुंबकीय आकडा एकही नसेल.

आता सिंथेसिस. सुरुवातीला डिस्प्रोसियम क्लोराइड हेक्साहायड्रेट आणि ऑर्थो-व्हॅनिलिनचा शिफ बेस हा लिगँड ही जोडी सोपी जाते. ०.१ मिलीमोल म्हणजे क्लोराइड ३७.७ मिलिग्रॅम, मेथॅनॉल १० मिलि, लिगँडचे दोन प्रोटॉन काढायचे तर ट्रायइथिलअमाइन २८ मायक्रोलिटर. हे ट्रायइथिलअमाइन मेथॅनॉलमध्ये पातळ करून थेंबाथेंबाने घालायचं. एकदम ओतलं की हायड्रॉक्साइड बसतो, द्रावण दुधाळ होतं आणि मग कितीही गाळलं तरी प्रमाण बिघडलेलंच राहतं. बेसिक द्रावण रात्रभर उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेटने जोडलेला निराळाच क्लस्टर मिळू शकतो. कधी तो देखणाही असतो, पण तुम्हाला हवा होता तो नव्हे.

स्फटिकांसाठी २ मिलि द्रावणाची छोटी व्हायल २० मिलिच्या व्हायलमध्ये ठेवून बाहेर ५ मिलि डायइथिल इथर घालायचा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ही पद्धत घात करते. इथर ३४.६ अंशांना उकळतो आणि एसी नसलेल्या खोलीत दुपारी पारा त्याच्या वर जातो. बाष्प एकदम आत घुसतं आणि स्फटिकांऐवजी पिवळी पावडर मिळते. त्या दोन महिन्यांत मी टर्शरी ब्युटिल मिथिल इथर वापरते, त्याचा उत्कलनबिंदू ५५ अंश. जुलै-ऑगस्टमध्ये दुखणं उलटं. दमट हवेत गाळणी चालू असतानाच स्फटिकाच्या जाळीतलं मेथॅनॉल निघून त्याच्या जागी पाणी बसतं.

हे पाणी-मेथॅनॉलचं प्रकरण क्षुल्लक वाटतं, पण माझ्या मते या विषयातल्या बहुतेक चुकीच्या आकड्यांचं मूळ तिथेच असतं. हिशोब बघा. एक्स-रेच्या रचनेत दोन मेथॅनॉल धरून रेणुभार ९०० आला. स्क्विडच्या चेंबरमध्ये निर्वात-हेलियमच्या फेऱ्या होताना ते दोन्ही निघून गेले, खरा रेणुभार ८३६ उरला. तुम्ही ९०० च घातला, तर खोलीच्या तापमानाला काय-टी (चुंबकीय ग्रहणशीलता गुणिले तापमान) १४.१७ ऐवजी १५.२ च्या वर येतो. १४.१७ घन सेमी केल्विन प्रति मोल हा मुक्त डिस्प्रोसियम आयनचा आकडा आहे. नेहमीच्या कॉम्प्लेक्समध्ये त्याच्या बराच वर गेलेला काय-टी दिसला की आधी तराजू आणि सूत्र तपासायचं. नवखी मुलं इथे फेरोमॅग्नेटिक कपलिंग, म्हणजे शेजारच्या आयनांची एकाच दिशेची चुंबकीय जोडणी, शोधायला लागतात. म्हणून स्क्विडला जाणाऱ्या त्याच बॅचचं सीएचएन (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनचं प्रमाण) आणि टीजीए (तापवताना घटणारं वजन) करायचं, जुन्या बॅचचं चालत नाही. पावडर एक्स-रे मोजमापाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. नंतरचा बहुतेक जण टाळतात, आणि तोच जास्त बोलका असतो.

भरण्याची पद्धत. नमुना १० ते १५ मिलिग्रॅम, तराजू निदान ०.०१ मिलिग्रॅमचा. ०.१ मिलिग्रॅमच्या तराजूवर १० मिलिग्रॅम तोललं तर १ टक्का चूक तिथेच पदरात. स्टीलचा स्पॅच्युला पूर्ण बंद, प्लास्टिकचाच वापरायचा. स्टीलचा न दिसणारा कणही सगळी मोजणी नासवतो. जिलेटिन कॅप्सूलमध्ये पावडर, वर थोडं आयकोसेन (मेणासारखं हायड्रोकार्बन), कोमट पाण्यावर ४० अंशांपर्यंत गरम करून वितळवायचं आणि थंड होऊ द्यायचं. डिस्प्रोसियमचे बारीक स्फटिक सुटे राहिले तर थंड तापमानाला क्षेत्राच्या दिशेने फिरतात आणि काय-टी वर चढतो. हा खोटा चढ कपलिंगसारखाच दिसतो, त्यामुळे फार फसवतो. आयकोसेन ३७ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून असा नमुना ३०० केल्विनच्या वर न्यायचा नाही आणि उन्हाळ्यात भरलेली कॅप्सूल टेबलवर सोडून जेवायला जायचं नाही.

कॅप्सूल स्ट्रॉमध्ये अडकवल्यावर स्ट्रॉला सुईने एक-दोन भोकं पाडायची, म्हणजे आतली हवा निघते. हवा राहिली तर ५० केल्विनच्या आसपास घन ऑक्सिजनचा उंचवटा उमटतो. रिकाम्या कॅप्सूलचं मोजमाप त्याच क्रमाने वेगळं घेऊन वजा करायचं. डिस्प्रोसियमचा सिग्नल मोठा असल्यामुळे तिथे हे निभावून जातं. तांब्याच्या कॉम्प्लेक्समध्ये मात्र खोलीच्या तापमानाला कॅप्सूलचा उणे सिग्नल नमुन्याच्या अधिक सिग्नलच्याच घरात असतो, आणि वजाबाकी चुकली की काहीच उरत नाही. रेणूच्या स्वतःच्या डायमॅग्नेटिझमच्या (क्षेत्राला होणाऱ्या क्षीण विरोधाच्या) दुरुस्तीसाठी पास्कलचे स्थिरांक वापरायचे. घाईत अंदाज हवा असेल तर उणे रेणुभाराचा निम्मा, गुणिले १० चा उणे ६ वा घात.

मशीनवर पहिलं मोजमाप १०० केल्विनला, क्षेत्र शून्यापासून वर नेत. मॅग्नेटायझेशनची रेषा सरळ आणि शून्यातून जाणारी हवी. सुरुवातीलाच वाकली तर लोहकण आहेत, नमुना काढा आणि नवा भरा. मग १००० ओर्स्टेडच्या (क्षेत्राचं एकक) स्थिर क्षेत्रात ३०० ते २ केल्विन, हे डीसी मोजमाप. थंड भागात याच क्षेत्रात डिस्प्रोसियम थोडा संपृक्त होतो, म्हणून तिथे कमी क्षेत्रातही एक फेरी घ्यावी. काय-टी खाली उतरताना दिसतो, त्यावर लगेच 'अँटिफेरोमॅग्नेटिक' लिहू नका. एकट्या आयनमध्येही वरच्या स्टार्क पातळ्या (लिगँडच्या क्षेत्रामुळे विभागलेल्या ऊर्जापातळ्या) रिकाम्या होत जातात म्हणून तो उतरतोच. २ केल्विन, ७ टेस्लाला मॅग्नेटायझेशन पावडरमध्ये १० नव्हे, ५ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास येतं. ते अक्षीय असममितीचं लक्षण आहे.

एसी, म्हणजे दोलायमान क्षेत्रातल्या, मोजमापाआधी अतिसंवाहक चुंबकात अडकून राहिलेलं क्षेत्र काढून टाकायचं, म्हणजे क्षेत्र उलटसुलट फिरवत शून्यावर आणायचं. वीस-तीस ओर्स्टेड उरले तरी क्वांटम टनेलिंग (अडथळा न ओलांडताच चुंबकत्वाची दिशा उलटणं) दबतं आणि 'शून्य क्षेत्रातली' मोजणी शून्य क्षेत्रातली राहत नाही. ३ ओर्स्टेडचं दोलायमान क्षेत्र, १ ते १००० हर्ट्झ. ग्रहणशीलतेच्या काल्पनिक (मागे रेंगाळणाऱ्या) घटकाचं शिखर जिथे येतं तिथे शिथिलन काळ, म्हणजे चुंबकत्व उलटायला लागणारा वेळ, थेट मिळतो: १००० हर्ट्झला ०.१६ मिलिसेकंद, १ हर्ट्झला ०.१६ सेकंद. एका नमुन्याचं डीसी आणि एसी मिळून दिवस-दीड दिवस सहज जातो, म्हणून क्रमवारीची फाइल घरीच लिहून, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी. डीसीनंतर क्षेत्र शून्य करायची ओळ सुटली तर सगळी रात्र फुकट जाते.

पुढे कोल-कोल आलेख (काल्पनिक घटक विरुद्ध वास्तव घटक), त्यातून प्रत्येक तापमानाचा टाऊ (शिथिलन काळ), आणि मग अर्हेनियसचा आलेख (टाऊचा लॉग विरुद्ध १/तापमान). इथे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. सरळ भागात तीनच बिंदू असतील तर त्यावरून चुंबकत्व उलटण्याच्या ऊर्जा-अडथळ्याची उंची जाहीर करू नये. ऑर्बाक, रामन, डायरेक्ट, टनेलिंग अशा शिथिलनाच्या चारही वाटा एकत्र घालून दहा बिंदूंतून सात पॅरामीटर काढले की रेषा बसतेच, पण त्यातून काही कळत नाही. टाऊ-शून्य (अर्हेनियसच्या सूत्रातला पूर्वगुणक) १० च्या उणे ५ व्या घाताच्या घरात आलं तर तो अडथळा बहुधा खऱ्या उत्तेजित पातळीशी जुळत नाही. तपासायला कॅसएससीएफ या क्वांटम-रासायनिक गणनेतल्या पातळ्यांशी ताडून बघा: ७ कक्षांत ९ इलेक्ट्रॉन, २१ सेक्सटेट. अशी गणना साध्या वर्कस्टेशनवरही होते, पुण्यात आयसरला परम ब्रह्म महासंगणकही आहे. हिस्टेरिसिस (क्षेत्र परत फिरवल्यावर चुंबकत्व मागे रेंगाळून तयार होणारा फास) दाखवताना क्षेत्र बदलण्याचा वेग ओर्स्टेड प्रति सेकंदात लिहायचाच. वेग वाढवला की तोच रेणू जास्त तापमानाला उघडा फास दाखवतो.

शेवटचा नमुना यिट्रियमचा. यिट्रियम चुंबकीय नाही आणि त्याची त्रिज्या डिस्प्रोसियमच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे त्याच जाळीत ५ ते १० टक्के डिस्प्रोसियम मिसळून शेजाऱ्यांची चुंबकीय लुडबुड थांबवता येते. सुरुवातीला घातलेलं गुणोत्तर स्फटिकात जसंच्या तसं उतरेल असं धरू नका. आयसीपी हे धातूंचं विश्लेषण करून खरं प्रमाण घ्या, कारण काय-टी त्याच आकड्याने भागायचा असतो. पातळ केल्यावर हिस्टेरिसिसची शून्याजवळची कंबर रुंदावली तर आधीचं टनेलिंग शेजाऱ्यांमुळे होतं. तशीच बारीक राहिली तर दोष रेणूच्या भूमितीत किंवा केंद्रकाच्या स्पिनमध्ये शोधायचा. भूमितीचा दोष असेल तर लिगँड बदलायचा आणि पुन्हा सिंथेसिसपासून सुरुवात करायची. मँचेस्टर किंवा फ्लॉरेन्सला पोस्टडॉकसाठी अर्ज करताना शुद्ध आणि पातळ केलेल्या अशा एका पूर्ण जोडीच्या कच्च्या फाइल्स, वजनाच्या नोंदी आणि रिकाम्या कॅप्सूलचं मोजमाप सोबत तयार ठेवा. मुलाखतीत आलेखापेक्षा त्यांच्यावरच जास्त प्रश्न येतात.