नान्नजच्या माळावर काळवीट : हिवाळ्यातल्या सकाळचा वृत्तांत

सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नज वीस-बावीस किलोमीटर. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे शहर साडेपाचला सोडावे. वनविभागाकडे आधी परवानगीची चौकशी करावी आणि उजेड फुटताना माळावर असावे. पहिला कळप ज्वारीतून बाहेर पडताना दिसला. रात्री पिकात चरायचे आणि पहाटे उघड्यावर परतायचे, हा त्यांचा क्रम. म्हणून सुरुवातीचा अर्धा तास शेत आणि माळ यांच्या हद्दीवरच थांबा.

काळवीट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद. हे हवेच होते. पण जुन्या शिकाऱ्यांची एक युक्ती कॅमेऱ्यालाही उपयोगी पडते. ते बैलगाडीच्या आडून जवळ जायचे. हरणाची खरी भिस्त नजरेवर असते. पायी येणारा माणूस त्याला लांबूनच कळतो, पण रोजच्या वाहनाला ते फारसे बुजत नाही. तेव्हा वाटेवरच गाडीत बसून राहा. कळपाच्या दिशेने सरळ जाऊ नका, तिरके आणि संथ जा. सगळ्यांच्या माना वर झाल्या की इंजिन बंद करा, माना परत गवतात गेल्या की पुढे सरका. एखादी मादी जागच्या जागी उंच उडाली, तर कळप सुटणारच. पाठलाग केलात तर ती सकाळ त्यांची आणि तुमचीही वाया जाते.

त्यापेक्षा लेंड्यांचा ढीग शोधा. माजावरचा नर आपली हद्द ठरवून त्याच जागी लेंड्या टाकतो आणि हाकलला गेला नाही तर तिथेच परततो. ढिगापासून शंभर-सव्वाशे मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन थांबलात की शेपटी वर, शिंगे पाठीला टेकवलेली अशी त्याची चाल आपोआप समोर येते.

लेन्स ४०० ते ६०० मिमी, खिडकीवर वाळूची पिशवी, उडीसाठी शटर १/२००० सेकंद. पाठ काळी आणि पोट पांढरे असल्याने कॅमेरा फसतो. पोटाचा पांढरा जळू नये म्हणून एक्स्पोजर (चित्रासाठी घेतलेला प्रकाश) अर्ध्या स्टॉपने, म्हणजे प्रकाशाच्या अर्ध्या पायरीने, कमी ठेवा, पाठीचा तपशील रॉ फाईलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमधून) निघतो. नऊनंतर जमीन तापून हवा थरथरते. मग लांबचे चित्र महागड्या लेन्सनेही धूसरच येते.

एकट्यादुकट्या, सरळसर, कड्याकड्यांच्या शिंगांच्या हरणाला काळवीट समजू नका, तो चिंकारा. काळविटाची शिंगे पिळदार असतात.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत गाडी घालू नका, चाके रुततात. पावसाळा सरल्यावर कुसळे मोज्यांतून आत जातात, म्हणून जाड पँट आणि बूट हवेत. गवतात निपचित पडलेले पाडस दिसले तर ते सोडून दिलेले नसते, लपवलेले असते. त्याला हात लावू नका, फोटोसाठीही थांबू नका. तुम्ही तिथून हलल्याशिवाय आई जवळ येत नाही.